रामजींचा युक्तिवाद, भीमरावांचं उत्तर

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो : साहित्य वाचलं की आदर्श सापडतात, न्यूनगंड जातो, माणूस यशस्वी होतो. दाखला म्हणून डॉ. आंबेडकरांचं नाव येतंच. हा पूर्वपक्ष नेमका याच दाखल्यावर अडखळतो.

त्याआधी दोन साक्षी. ११व्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली आणि त्यांत यश आहे, धनही आहे. मात्र दाखले पाहावेत. यश कालिदासादिकांना, धन श्रीहर्षाच्या आश्रयाच्या कवींना, म्हणजे लिहिणाऱ्यांना. अलीकडची साक्ष प्रयोगशाळेतली. दर्जेदार कथेचा उतारा वाचताच दुसऱ्याच्या मनातलं अधिक ओळखता येतं, असा निष्कर्ष २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि गाजला. पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. त्या बातमीचा मात्र गाजावाजा झाला नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तिच्यात लहानपणचा एक वाद आहे. वडील रामजी सकपाळ रोज झोपण्यापूर्वी भीमराव आणि थोरल्या भावाला घरी जमलेल्यांपुढे रामायण-महाभारत वाचायला लावत. हे कशासाठी, असं मुलाने विचारलं. रामजींचं उत्तर आजच्या कोणत्याही प्रेरणादायी वक्त्याला शोभेल असं होतं : आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे; तो घालवायला हे ग्रंथ आहेत. द्रोण, कर्ण साधी माणसं, पण केवढी उंची गाठली! वाल्मीकी कोळी होता, रामायणाचा कर्ता झाला.

युक्तिवाद प्रेमाचा होता, त्यात तथ्यही होतं. भीमरावांना तो पटला नाही. भीष्म-द्रोणांचं बोलणं एक आणि करणं एक, कृष्णाने कपट केलं, शूर्पणखा, वाली आणि सीता यांच्याशी राम कसा वागला ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. वडील गप्प राहिले.

बापाने द्रोणाची चढती कमान पाहिली, लेकाने द्रोणाची करणी तपासली. यशाच्या हिशेबाने वाचणाऱ्याला करणी दिसत नाही, ही त्या वाचनाची मोठी खोट. शिवाय तोच पाठ थोरला भाऊही वाचत होता. महाभारत यश देत असेल, तर दोघांना सारखंच द्यायला हवं होतं. बाबासाहेबांच्या यशाची कारणं सयाजीरावांची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन, अर्थशास्त्र-कायद्याचे ग्रंथ आणि अफाट मेहनत यांत शोधावीत.

यावर कोणी म्हणेल, मग साहित्य फुकटच गेलं. मुलाने ते झिडकारलंच ना? इथे मम्मटच पुन्हा उपयोगी पडतो. वेद धन्यासारखी आज्ञा देतात, पुराणं-इतिहास मित्रासारखे सांगतात, काव्य प्रियेसारखं वळवतं, अशी त्याची वाटणी आहे. महाभारत परंपरेने इतिहास, म्हणजे मित्राच्या जागी. धन्याशी वाद घालता येत नाही, मित्राशी येतो. गंमत अशी की रामजींनी ग्रंथ दिला होता न्यूनगंडावरचं औषध म्हणून, मुलाने तो घेतला भांडायला.

हे भांडण वरवरचं नव्हतं. रोज मोठ्याने वाचल्याशिवाय वाली-सुग्रीवाच्या प्रसंगावर असं बोट ठेवता येत नाही. वडिलांचे स्नेही दादा केळुसकर यांनी भीमरावांच्या सत्कारात भेट दिलेलं बुद्धचरित्र या वादाआधीच हाती आलं होतं; याच असमाधानात त्याच्या मदतीने आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे बाबासाहेब त्याच प्रस्तावनेत सांगतात. जगण्याचा अर्थ सापडला तो असा, आदर्श नाकारता नाकारता. महाभारत-रामायणाशी भांडणही सुटलं नाही. त्यांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये राम आणि कृष्ण पुन्हा उलटतपासणीला उभे केलेले आहेत. १९८७ साली राज्य शासनाने ते लेखन प्रसिद्ध केलं, तेव्हा घरातला तो जुना वाद रस्त्यावर आला आणि या वेळी कोणी गप्प राहिलं नाही.