रोजा : सवलत कुणाला, कजा कधी, कफ्फारा कधी? घरातल्या सर्वांसाठी मसाइल आणि आदाब

रमजानुल मुबारकचा चाँद दिसला की घराघरांत तेच प्रश्न सुरू होतात. इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? शुगर असलेल्या अब्बांनी रोजा ठेवावा का? मुलीचे रोजे सुटले, ते कधी भरायचे? आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे मुलेही हे प्रश्न घेऊन येतात आणि पालकही. रोजा कसा ठेवायचा हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो केव्हा सोडता येतो, हे विचारायला लोक संकोचतात. या संकोचापायी कुणी आजार वाढवून घेतो, तर कुणी लपून खातो. म्हणून नेहमी लागणारे मसाइल येथे एकत्र देत आहोत.

रोजा कुणावर फर्ज?

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये फर्ज झाले. सूरह बकराच्या आयत १८३ ते १८७ मध्ये त्यांचे हुकूम आले आहेत. रोजा फर्ज केला तो तकवा निर्माण व्हावा म्हणून, हे सुरुवातीलाच सांगितले आहे. आजारी आणि मुसाफिर यांनी सुटलेली संख्या इतर दिवसांत पूर्ण करावी, अशी सवलत त्याच ठिकाणी आहे. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, हा आयत १८५ चा आशय आहे. म्हणजे सवलत, जिला रुख्सत म्हणतात, ही नंतर काढलेली पळवाट नव्हे. ती हुकुमाचाच भाग आहे.

प्रत्येक बालिग, शुद्धीवर असलेल्या मुसलमान स्त्री-पुरुषावर रोजा फर्ज आहे. सुबह सादिकपासून सूर्यास्तापर्यंत खाणे, पिणे आणि पती-पत्नीचा संबंध यांपासून नियतसह दूर राहणे म्हणजे रोजा. नियत म्हणजे मनातला इरादा, तोंडाने म्हणणे जरुरी नाही. हनफी मसलकनुसार रमजानच्या रोजाची नियत दुपारच्या आधीपर्यंत करता येते, पण काही खाल्ले-प्यालेले नसावे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्याकडे नियत रात्रीच, सुबह सादिकच्या आधी करावी लागते. सासर-माहेरचे मसलक वेगळे असेल तर सुनेच्या नियतवरून वाद घालू नये. दोन्ही मसलक हक आहेत.

काय केल्याने रोजा तुटत नाही?

विसरून खाल्ले-प्याले तर रोजा तुटत नाही, मग पोटभर जेवण का झाले असेना. आठवताच तोंडातला घास टाकून द्यावा. आपोआप उलटी होणे, झोपेत स्वप्नदोष होणे, सुरमा लावणे, मिस्वाक करणे, अत्तर लावणे, रक्त तपासायला देणे यांनीही रोजा तुटत नाही. गुस्लची गरज असताना सहरी करून सुबह झाली तरी रोजा होतो, मात्र गुस्ल करून फज्रची नमाज वेळेत अदा करावी.

दंडावर किंवा कमरेवर घेतलेले इंजेक्शन आणि इन्सुलिन यांनी रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. बोट टोचून शुगर तपासल्यानेही तुटत नाही. ताकद येण्यासाठी लावलेल्या सलाईनबद्दल मतभेद आहेत, ते आपल्या मौलाना साहेबांना विचारावे. दम्याच्या पंपातून औषध आत जाते, म्हणून त्याने रोजा तुटतो असे बहुतेक हनफी उलमांचे मत आहे. पण दम लागला असताना पंप न घेता बसून राहू नये. पंप घ्यावा, जीव वाचवावा, रोजाची कजा नंतर करता येते.

कजा, कफ्फारा, फिदया यांतला फरक

कजा म्हणजे एका रोजाच्या बदल्यात एक रोजा. आजार, सफर, हैज, निफास यांमुळे सुटलेल्या रोजांची फक्त कजा आहे. मुद्दाम ओकारी काढली, किंवा वेळ आहे समजून सहरी खात राहिलो आणि सुबह होऊन गेली होती, तरीही कजाच. हे रोजे सलग ठेवणे जरुरी नाही. हजरत आयशा (रजि.) आपले सुटलेले रोजे शाबान महिन्यात ठेवत, असे हदीसमध्ये येते. मात्र शाफई मसलकनुसार सबब नसताना कजा पुढच्या रमजानपर्यंत लांबवली तर प्रत्येक दिवसाचा फिदयाही लागतो.

कफ्फारा म्हणजे रमजानचा ठेवलेला रोजा सबब नसताना जाणूनबुजून तोडण्याची भरपाई. गुलाम आजाद करण्याचा प्रश्न आज उरला नाही. म्हणून सलग ६० रोजे, आणि ते खरोखर शक्य नसेल तर ६० गरिबांना जेवण. शिवाय त्या दिवसाची कजा वेगळी. हनफींकडे मुद्दाम खाण्या-पिण्यानेही कफ्फारा येतो, शाफईंकडे तो फक्त संबंधामुळे येतो. मुद्दाम खाल्ले तर त्यांच्याकडे तौबा आणि कजा आहे.

फिदया हा अशांसाठी आहे ज्यांना आज रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपण्याची आशा नाही. उदाहरणार्थ खूप थकलेली दादी, किंवा बरा न होणारा आजार असलेला माणूस. प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण द्यायचे. हनफींकडे त्याची रक्कम एका सदका-ए-फित्रइतकी धरतात. हजरत अनस (रजि.) यांनी म्हातारपणी रोजे झेपेनासे झाल्यावर रोज एका गरिबाला जेवू घातले होते. मात्र पैसे आहेत म्हणून धडधाकट माणसाने फिदया देऊन सुटता येत नाही.

आजारी, मुसाफिर, गरोदर

रोजामुळे आजार वाढेल असे जाणकार डॉक्टरने सांगितले, किंवा तसा स्वतःचा अनुभव असेल, तर रोजा सोडता येतो. मधुमेह असणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा इफ्तारला दहाच मिनिटे उरली आहेत, असा हिशेब करू नये.

गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर तिलाही सवलत आहे. हनफींकडे तिने फक्त कजा करायची. शाफईंकडे भीती केवळ बाळासाठी असेल तर कजासोबत फिदयाही द्यायचा.

मुसाफिरसाठी अंतर आपल्याकडचे हनफी उलमा ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. सुबह सादिकच्या वेळी घरी असाल आणि दुपारच्या गाडीने निघणार असाल, तर त्या दिवसाचा रोजा ठेवावा लागतो.

हैज-निफासात स्त्रीने रोजा ठेवायचाच नाही. नंतर रोजांची कजा आहे, नमाजची नाही.

मुलांचे रोजे

रोजा कुशाई आनंदाने करावी, पण बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही. सहाबांच्या घरी लहान मुलांना रोजाची सवय लावत, भुकेने रडू लागली तर लोकरीची खेळणी देऊन रमवत. धाक दाखवून पूर्ण महिना करून घेणे ही ती पद्धत नव्हे. मुलगा वर्गात चक्कर येऊन बसला तर त्याला पाणी पाजावे, आणि घरी त्याला टोचून बोलू नये. परीक्षा ही स्वतःहून शरई सबब नाही. पण जीव कासावीस होऊन कोसळण्याची वेळ आली तर बालिग मुलालाही रोजा सोडण्याची परवानगी आहे, कजा नंतर.

आदाब

सहरी उशिरा आणि इफ्तार वेळ होताच करणे सुन्नत आहे. पण अजान संपेपर्यंत खात राहणे चूक, सहरी सुबह सादिकला संपते. इफ्तार खजुराने करावा, नसेल तर पाण्याने. खोटे, गीबत, भांडण यांपासून दूर राहावे. ज्यांच्या पदरी रोजातून फक्त भूक-तहान पडते अशा लोकांबद्दल हदीसमध्ये इशारा आहे.

आणखी एक अदब आपण विसरतो. रोजा नसलेल्या माणसाची चौकशी करू नये. हिजरी ८ मध्ये मक्केच्या सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सर्वांना दिसेल असे पाणी पिऊन रोजा सोडला, कारण लोकांना रोजा जड जात होता. मग आपल्या घरातली मुलगी स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी का पिते? भावाने, वडिलांनी "आज रोजा का नाही?" असे विचारूच नये. सवलत घेणाऱ्यानेही चारचौघांत खाण्याचा देखावा करू नये. तिच्यासाठी दुपारचे ताट झाकून ठेवावे, अब्बांची गोळी वेळेवर द्यावी, आणि ईदनंतर कजाचे रोजे सुरू झाले की तिच्यासोबत सहरीला घरातल्या कुणीतरी उठावे.