वर गेलेल्या गोळीचे काय होते?

आनंदाला आवाज हवा असतो, हे दिवाळीच्या दिवसांत वाचकांना सांगायला नको. हाती फटाका असेल तो फटाका उडवतो. बंदूक असेल तो आभाळाकडे नळी करून बार काढतो. उत्तर हिंदुस्थानातील वरातींपासून अरब देशांतील विजयोत्सवांपर्यंत ही चाल आढळते. पण वर गेलेल्या त्या गोळीचे पुढे होते काय, याचे मला फार दिवस कुतूहल होते.

पहिले महायुद्ध संपल्यावर ज्यूलियन हॅचर या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने ते चक्क तपासून पाहिले. फ्लॉरिडाजवळ पाण्यात दहा फूट लांबरुंद मचाण बांधून मशिनगनमधून सरळ वर पाचशेंहून अधिक गोळ्या झाडल्या. मचाणावर परतल्या अवघ्या चार! बाकीच्या वाऱ्याने भरकटल्या. सेकंदाला २७०० फूट वेगाने सुटलेली गोळी परतताना हवेच्या विरोधामुळे सुमारे ३०० फूट वेगाने येते, असा त्याचा हिशेब १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आहे.

हे वाचून कोणी निर्धास्त होईल. पण उत्सवाच्या भरात ओळंबा लावून बार कोण काढतो? नळी जरा कलली, की गोळी फिरकी न सोडता, टोक पुढे ठेवून कमान काढीत जाते आणि पुष्कळसा वेग राखून दूर कुठेतरी उतरते. शिवाय ३०० फुटांचा वेगही कवटी फोडायला पुरेसा ठरू शकतो.

लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८५ ते १९९२ या वर्षांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आभाळातून आलेल्या गोळ्यांचे ११८ जखमी निघाले. त्यांपैकी ३८ दगावले. १९९१ साली कुवेत मुक्त झाल्याच्या जल्लोषातही माणसे मेली. युद्धातून वाचावे आणि विजयाच्या आनंदात मरावे, याला काय म्हणावे? मारणाऱ्याला तर आपण कोणाला मारले याचा पत्ताही नसतो!

आपल्याकडे २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. इतरांचा जीव धोक्यात येईल असे बार समारंभात काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रजासत्ताकदिनी एकवीस तोफांची सलामी झडते, तेव्हा तोफेत गोळा नसतो. नुसती दारू असते. राष्ट्राच्या मानाला जर केवळ आवाज पुरतो, तर नवरदेवाच्या वरातीला तो का पुरू नये?