डेबियनमधल्या पायथनची वाटचाल

इयान मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. तेव्हापासून ही लिनक्स प्रणाली जगभरचे स्वयंसेवक घडवत आहेत. तिला मालक कंपनी नाही. कामाला पाया आहे तो १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक कराराचा. या माणसांच्या चिकाटीचा खरा कस पायथन या प्रोग्रामिंग भाषेने पाहिला.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. पायथनची, ३.९ पासून, दर ऑक्टोबरात. नवी आवृत्ती आली की डेबियनच्या विकास शाखेत ती आधी जुनीच्या शेजारी बसवतात. मग सी भाषेतले भाग असलेली पॅकेजे दोन्हींसाठी पुन्हा बांधायची, जी मोडतील त्यांच्या त्रुटी नोंदवायच्या, मूळ लेखकांना दुरुस्त्या पाठवायच्या. सगळे सावरले की नवी आवृत्ती मुख्य होते आणि जुनी निघते. महिनोन्‌महिने चालणारे हे काम वापरणाऱ्याला दिसतही नाही, आणि म्हणूनच ते मला मोलाचे वाटते.

सर्वांत लांबला तो पायथन २.७ चा निरोप. पायथन ३ ची पहिली आवृत्ती २००८ मध्येच आली होती. २ चा आधार संपला १ जानेवारी २०२० रोजी. डेबियनने २०२१ च्या ‘बुल्सआय’ या स्थिर आवृत्तीत २.७ चा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम, ठेवला, पण त्यावरची बहुतेक पॅकेजे काढली. २०२३ च्या ‘बुकवर्म’मध्ये इंटरप्रिटरही गेला. ‘पायथन’ ही नुसती आज्ञा मात्र त्यांनी लगेच ३ कडे वळवली नाही. ती रिकामी ठेवली. जुनी स्क्रिप्ट नकळत नव्या आवृत्तीवर चालून बिघडण्यापेक्षा सरळ थांबलेली बरी. ज्याला ती आज्ञा हवी, त्याने एक छोटे पॅकेज मुद्दाम बसवावे.

प्रणालीतली काही साधने स्वतःच पायथनवर चालतात. पिप हा पायथनच्या लायब्ररी बसवणारा प्रोग्राम. तो प्रशासकाच्या अधिकारात, म्हणजे ‘सुडो पिप’ असा, चालवून कोणी एखादी लायब्ररी बदलली की तीच साधने अडखळत. ‘बुकवर्म’पासून पिप प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही बसवायला नकार देतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रणालीपासून वेगळी जागा, करायला सांगतो. हा नियम पायथनच्या ६६८ क्रमांकाच्या प्रस्तावातून आला. त्याच्या लेखकांत डेबियनचे पायथन अनेक वर्षे सांभाळणारे मॅथियास क्लोजे होते. अनेक प्रोग्रामरांना हा नकार जाचक वाटला. मला तो योग्य वाटतो, किंबहुना तो दहा वर्षे आधी यायला हवा होता.