बांधीतला वारा

तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत आंबागडचा किल्ला आहे. सुमारे १७०० साली देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला असे मानतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी तेथे बंदिखाना केला. गडावरच्या विहिरीचे साचलेले पाणी कैद्यांना पाजीत आणि त्या पाण्यानेच ते मरत, अशी दंतकथा आहे. माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्या मास्तराला एवढ्या विहिरीवर तीनशे पाने सहज भरता येतील. परंतु आज मला गडाखालच्या मुलखाविषयी सांगायचे आहे. तेथे धानाच्या बांध्या आहेत, आणि पावसाळाभर त्यांतही पाणी साचलेलेच असते.

साचलेल्या पाण्याचा माणसाने फार पूर्वीपासून धसका घेतला आहे. दलदलीच्या मुलखातल्या तापाला इटालियन लोकांनी ‘वाईट हवा’ असेच नाव दिले. तेच आपले मलेरिया. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले आणि त्या आरोपातून हवा सुटली. मौज अशी की, त्याआधी शंभरावर वर्षे, १७७६ साली, त्याच इटलीतल्या व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे धरले होते, आणि ती हवा पेटवूनही दाखवली होती. तो मिथेन वायू.

रोवणी झालेल्या बांधीत पाय घाला, पोटरीभोवती असेच बुडबुडे फुटतात. चिखलावर पाणी उभे राहिले की खालच्या मातीला प्राणवायू मिळेनासा होतो. मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव कुजलेल्या धसकटांवर आणि शेणखतावर गुजराण करतात, आणि मिथेन सोडतात. धानाच्या ताटात आतून हवेच्या वाटा असतात. मुळे पाण्यात गुदमरू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. वरची हवा ज्या वाटेने खाली उतरते, त्याच वाटेने मिथेन वर येतो. बांधीतून निघणारा बहुतेक मिथेन बुडबुड्यांनी नव्हे, तर या ताटांतूनच बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कोळशाच्या धुरातल्या कर्बवायूपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो.

या बिनवासाच्या वायूवरून १९९० च्या सुमारास मोठा वाद माजला. पृथ्वी तापते आहे, तर तिला तापवतो कोण, याचे हिशेब जगात मांडले जात होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजात भारतातल्या भातशेतीवर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेनचा बोजा टाकला होता. हा आकडा परदेशांतल्या शेतांवरून ताणून काढलेला होता. म्हणजे मोटारी आणि कारखाने एकीकडे, आणि धुऱ्यावर बसून भाकर खाणारा आपला धानकरी दुसरीकडे, आणि दोघे एकाच पिंजऱ्यात! दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली यावर कठोर सवाल केला. पोटासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू एकाच तागडीत कसा तोलता?

परंतु सवाल कितीही न्याय्य असला, तरी आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावे लागते. ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. अशेष प्रसाद मित्र यांच्या नेतृत्वाखाली झाले. १९९१ साली देशातल्या निरनिराळ्या भातशेतांत मोजणी झाली. पद्धत साधी. धानाच्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी घालायची, ठरावीक वेळाने आतली हवा पिचकारीने काढायची आणि तिच्यात मिथेन किती वाढला ते पाहायचे. उत्तर आले, वर्षाला सुमारे ४० लाख टन. आरोपाच्या जवळजवळ नवव्या हिश्शाएवढे. आपली पुष्कळ शेती आभाळाच्या भरवशावर चालते. पाणी भरते, आटते, पुन्हा भरते. आटल्या वेळी चिखलाला हवा लागते आणि मिथेन थांबतो. ज्या बेभरवशाच्या पावसाला शेतकरी दूषणे देतो, तोच येथे त्याच्या बाजूचा साक्षीदार ठरला.

पण बांधी काही केवळ मिथेनच सोडीत नाही. आमच्या भंडाऱ्याचा चिन्नोर शिजू लागला की शेजारच्या घरी कळते. या सुवासाचे मूळ असलेले द्रव्य ब्यूटरी व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली ओळखून काढले. दहा अब्ज भाग पाण्यात त्याचा एक भाग असला तरी नाकाला पुरतो. धानावर तुडतुडे पडले म्हणजे रोप निराळेच गंध सोडते, आणि तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या त्या वासाच्या मागावर येतात. दूरचे डोंगर निळे का दिसतात, याचे एक कारण झाडांतून उडणारी अशी गंधद्रव्येच असावीत, असे वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली मांडले.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. पानांच्या रंध्रांतून जसे बाहेर जाते, तसे आतही येते. मोटारींच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो वाऱ्याबरोबर शहराबाहेर येतो, पानात शिरतो आणि पिकाचे उत्पन्न घटवतो. शहराने शेताला काय दिले, ही नोंदही त्याच वहीत हवी.

तथापि ४० लाख टन म्हणजे शून्य नव्हे. बांधीतले पाणी मधून मधून उतरू दिले, तर मिथेन एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र त्यासाठी पाणी हवे तेव्हा सोडता आले पाहिजे आणि हवे तेव्हा परत मिळालेही पाहिजे. पाटाच्या शेवटच्या टोकाला बसलेला शेतकरी एकदा मिळालेले पाणी कोणत्या धीराने सोडील? तलावाचा गाळ काढा, पाट दुरुस्त करा, पाळीचा दिवस पाळा. मग त्याला उपदेश करा. तो ऐकेल. कारण चिखलात उभे राहून तो जी हवा घेतो, ती त्याच बांधीवरून आलेली असते.