वेतन, राहणीचा खर्च आणि ग्रंथरचना : एडवर्ड गिबनचे लोझान-गमन (१७८३)

इतिहासकाराच्या ग्रंथाचा विचार करताना त्याची साधने, त्याची पद्धती व त्याची विचारसरणी यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ग्रंथ सिद्ध होत असताना ग्रंथकर्त्याचा चरितार्थ कसा चालला होता, या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः दीर्घकाळ चालणाऱ्या ग्रंथरचनेस जितकी साधनांची तितकीच निर्वेध वेळेची आवश्यकता असते, आणि असा वेळ फुकट मिळत नाही. गिबनच्या ‘रोमन साम्राज्याचा ऱ्हास आणि पतन’ या ग्रंथाचे अखेरचे तीन खंड या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. १७८३ साली गिबनने लंडन सोडले, नव्या सरकारी वेतनाची आशा टाकून दिली आणि लोझान या लहान व लंडनच्या मानाने स्वस्त नगरात बिऱ्हाड केले. हा निर्णय कोणत्या हिशेबावर घेतला गेला आणि कोणत्या अटींवर तो फलद्रूप झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१

वडिलांच्या मृत्यूनंतर १७७० साली गिबनच्या हाती आलेली मालमत्ता कर्जाने ग्रासलेली होती. बाथ येथे राहणाऱ्या सावत्र आईच्या निर्वाहाचा भारही त्याच मालमत्तेवर होता. देणी भागवून उरलेल्या उत्पन्नावर गिबनने लंडनमध्ये बेंटिंक स्ट्रीटवर घर केले. १७७४ साली तो पार्लमेंटचा सभासद झाला आणि १७७६ च्या फेब्रुवारीत ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध होताच त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. मात्र कीर्तीबरोबर खर्चही वाढला. प्रतिष्ठित क्लब, मेजवान्या, गाडीघोडे व नोकरचाकर यांवाचून लंडनच्या वरिष्ठ समाजात वावरणे शक्य नव्हते, आणि वडिलोपार्जित उत्पन्न त्या राहणीस पुरेसे नव्हते.

ही तूट १७७९ साली भरून निघाली. व्यापार व वसाहती यांच्या मंडळावर त्याची नेमणूक झाली आणि त्याच्या खाजगी उत्पन्नात वर्षाला सातशे ते आठशे पौंडांची भर पडली. मंडळाचे काम अत्यल्प होते, हे गिबनने स्वतःच आत्मचरित्रात मिस्किलपणे मान्य केले आहे. पार्लमेंटमध्ये तर त्याने आठ अधिवेशनांत एकदाही भाषण केले नाही. मंत्रिमंडळाच्या बाजूने मत देणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. तेव्हा हे वेतन श्रमाचा मोबदला नव्हते. ते राजकीय निष्ठेचे पारितोषिक होते, आणि म्हणूनच राजकारणाचा वारा फिरताच ते नाहीसे होणे क्रमप्राप्त होते. १७८२ साली बर्कच्या काटकसरीच्या कायद्याने ते मंडळच रद्द झाले आणि सुमारे तीन वर्षे मिळालेले वेतन बंद पडले.

२

या क्षणी ग्रंथाची अवस्था काय होती, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. दुसरा व तिसरा खंड १७८१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले होते आणि पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्तापर्यंतचे कथन पूर्ण झाले होते. ग्रंथ येथेच थांबविला असता तर कोणीही त्यास अपूर्ण म्हटले नसते. पुढे जावे की नाही, याविषयी गिबन स्वतः जवळजवळ वर्षभर द्विधा मनःस्थितीत होता. अखेर १ मार्च १७८२ रोजी त्याने चौथ्या खंडास आरंभ केला. परंतु जस्टिनियनपासून कॉन्स्टँटिनोपलच्या १४५३ मधील पाडावापर्यंतचा सुमारे नऊशे वर्षांचा पट अद्याप पुढे होता, आणि त्याच वर्षी वेतन गेले.

गिबनपुढे दोन मार्ग होते. जकात किंवा अबकारी मंडळावर पहिली जागा रिकामी होताच नेमणूक करण्याचे आश्वासन त्याला मिळाले होते. पण ही शक्यता दूरची होती, आणि शिवाय ही मंडळे पूर्वीच्या मंडळासारखी निरुद्योगी नव्हती. तेथील नोकरी अभ्यासाचे सर्वांत मोलाचे तास हिरावून घेईल, म्हणून त्या जागेसाठी आपण फारसे आर्जव केले नाही, असे आत्मचरित्रात नमूद आहे. दुसरा मार्ग राहणीचा खर्चच कमी करण्याचा होता. लंडनमध्ये राहून खर्च कमी करणे म्हणजे ज्यांच्यात बसण्याउठण्याची सवय झाली त्यांच्या देखत पायरी उतरणे होय. दुसऱ्या नगरात तीच काटकसर कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, उलट तेच उत्पन्न तेथे वैभव ठरू शकते. गिबनच्या निर्णयाचे मर्म येथे आहे.

३

लोझानची निवड मात्र केवळ स्वस्ताईमुळे झाली नाही. १७५३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, गिबनने कॅथॉलिक पंथ स्वीकारला, तेव्हा संतप्त पित्याने त्याला पाव्हियार नावाच्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी लोझानला धाडले होते. तेथे काढलेल्या जवळजवळ पाच वर्षांत फ्रेंच ही त्याची दुसरी मातृभाषाच बनली आणि झॉर्झ देव्हर्दां याच्याशी आजन्म स्नेह जडला. १७८३ साली या मित्राशी पत्रव्यवहार सुरू झाला. देव्हर्दांला मावशी-आत्यांच्या पिढीतील एका नातलग स्त्रीकडून लोझानमध्ये प्रशस्त घर मिळाले होते. घर देव्हर्दांने द्यावे आणि सामाईक संसाराचा खर्च गिबनने सोसावा, असा करार उभयतांत ठरला.

लंडनमधील मित्रांनी व आप्तांनी विरोध केला, तरी गिबनने सामानसुमानाची विल्हेवाट लावली. अपवाद फक्त ग्रंथसंग्रहाचा. ती पवित्र ठेव मानून त्याने ती तेवढी राखली. या एका गोष्टीवरून त्याने काय सोडले व काय सोडले नाही, याचा उलगडा होतो. १७८३ च्या सप्टेंबरअखेर तो लोझानला पोहोचला.

व्हो प्रांत त्या काळी बर्नच्या सत्तेखाली होता आणि प्रजेवर करांचा बोजा हलका होता. लंडनमधले घर रस्ता व तबेला यांच्यामध्ये कोंडलेले होते. लोझानच्या घराला बाग होती आणि समोर सरोवर व त्यापलीकडचे पर्वत दिसत. लंडनमध्ये एकट्या ब्रह्मचाऱ्याची बेताची घरव्यवस्था होती. येथे रोजच्या जेवणाला बालमित्राची सोबत होती आणि एकदोन आगंतुक पाहुण्यांचे पानही सहज वाढता येई. लंडनच्या गर्दीत तो हरवून जात असे. लोझानमध्ये पहिल्या प्रतीच्या कुटुंबांत त्याची गणना होऊ लागली. माणसाची सामाजिक प्रतिष्ठा निरपेक्ष नसून सापेक्ष असते, हे त्याचे निरीक्षण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावे असे आहे.

ग्रंथरचनेवर झालेला परिणाम तारखांवरून पाहता येतो. चौथा खंड १७८४ च्या जूनमध्ये संपला. स्थलांतरात कित्येक महिने वाया गेले, हे येथे नजरेआड करून चालणार नाही. पाचवा खंड त्याच वर्षी जुलैत सुरू होऊन १ मे १७८६ रोजी पूर्ण झाला. सहाव्यास १८ मे १७८६ रोजी प्रारंभ झाला आणि २७ जून १७८७ च्या रात्री तो समाप्त झाला. म्हणजे इस्लामचा उदय, धर्मयुद्धे व कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव ही सर्व प्रकरणे जेमतेम तीन वर्षांत आणि सर्वस्वी लोझानमध्ये लिहिली गेली. सकाळ अभ्यासाची व संध्याकाळ स्नेह्यासोबत्यांची, हा दिनक्रम एरवी क्वचितच मोडला.

४

तथापि हे उदाहरण त्यागाचा आदर्श म्हणून पुढे करणे इतिहासाला धरून होणार नाही. गिबनने वेतन झुगारून दिले नव्हते. आधी ते गेले, आणि मग नवे वेतन मिळविण्याची धडपड त्याने सोडली. शिवाय लोझानची स्वस्ताई चार आधारांवर उभी होती : इंग्लंडमधील जमिनींचे उत्पन्न, मित्राचे घर, तरुणपणी आत्मसात केलेली भाषा, आणि त्याच्या पश्चात मालमत्तेचा कारभार पाहणारा लॉर्ड शेफील्ड. यांपैकी एकही आधार नसता तर तेच नगर त्याला परके व महाग ठरले असते. यासंबंधी ह्यूमशी तुलना उपयुक्त होईल. तुटपुंज्या मिळकतीवर स्वतंत्रपणे राहून अभ्यास करण्यासाठी ह्यूम १७३४ साली फ्रान्समध्ये गेला. प्रथम रॅंस व नंतर ला फ्लेश येथे राहून त्याने ‘मानवी स्वभावाविषयीचा प्रबंध’ लिहिला. ह्यूमची काटकसर गरजा कमी करण्याची होती, तर गिबनची गरजा न सोडता ठिकाण बदलण्याची होती.

हे आधार टिकाऊही नव्हते. १७८९ च्या जुलैत देव्हर्दां मरण पावला. मृत्युपत्रातील तरतुदीमुळे घर गिबनकडे राहिले, परंतु ज्या सहवासासाठी तो आला होता तो संपला. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि लवकरच लोझान नगर परागंदा फ्रेंच सरदारांनी भरून गेले. १७९३ साली शेफील्डच्या पत्नीच्या निधनाची वार्ता कळताच गिबन मित्राच्या सांत्वनासाठी इंग्लंडला निघाला. तेथून परतणे त्याच्या नशिबी नव्हते. १६ जानेवारी १७९४ रोजी लंडनमध्येच त्याचा अंत झाला.

या वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेतनाचा आकडा स्वतःपुरता फारसे काही सांगत नाही. ते वेतन कोणत्या नगरात खर्च करावयाचे आणि त्याच्या बदल्यात आयुष्यातील कोणते तास द्यावयाचे, हे दोन आकडे त्याच्या शेजारी मांडले म्हणजेच त्याचे खरे मूल्य ठरते. वर्षाला सातशे-आठशे पौंडांच्या मोबदल्यात गिबनला लोझानमध्ये सकाळचे तास मिळाले. त्या तासांचे मोल त्याच्या कोणत्याही हिशेबवहीत सापडणार नाही. ते पाचव्या व सहाव्या खंडांत शोधावे लागते.