तळपायाच्या नकाशाचे वय

तळपायावरील ठराविक बिंदू दाबून दूरस्थ अवयवांचे विकार शमविण्याच्या पद्धतीचे, म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजीचे, पुरस्कर्ते तिचे मूळ इजिप्तमधील सक्कारा येथील अंखमाहोरच्या थडग्यात शोधतात. सहाव्या राजवंशातील त्या भित्तिशिल्पात दुसऱ्याचे हातपाय हाती घेतलेले पुरुष आहेत खरे. परंतु ते मर्दन, नखांची निगा की शस्त्रकर्म, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अवयवांचा नकाशा तर तेथे मुळीच नाही.

तो नकाशा विसाव्या शतकातला. अमेरिकेतील कान-नाक-घशाचे वैद्य विल्यम फिट्झजेराल्ड यांनी एडविन बॉवर्स यांच्यासह १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. युनिस इंगहॅम यांनी १९३८ च्या पुस्तकात तळपायावर अवयवांची स्थाने मांडली. चिकित्सालयीन चाचण्यांच्या समीक्षणांतून रोगनिवारणाचा खात्रीलायक पुरावा पुढे आलेला नाही. म्हणूनच बहुधा प्राचीनत्वाचा दाखला इतक्या आग्रहाने दिला जातो.

आपल्याकडे हाच मोह चरकसंहितेतील पादाभ्यंगाविषयी होतो. तैलमर्दनाने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा व शीण जातो, दृष्टी प्रसन्न होते, असे चरक सांगतो. तळपायावर यकृताची जागा तो दाखवीत नाही. काशाच्या वाटीने तूप चोळण्याची महाराष्ट्रातील घरगुती रीतही अंगातील उष्णतेचा विचार करते, एकेका अवयवाचा नव्हे.