पुण्याच्या मैल्याआड लपलेला युरिया

शिरूर-दौंडच्या पाण्याचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. पाणी नासवलं पुण्याच्या मैल्याने आणि कारखान्यांनी. शेतातल्या खताचा त्यात काय संबंध? हा पूर्वपक्ष पोकळ नाही. मुळा-मुठा शहराची घाण घेऊन भीमेला मिळते. उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी माजते. नदीकाठच्या दौंडकराला हे शिकवायला कुणी पंडित लागत नाही. नदीपुरता हा आरोप मला मान्य आहे.

पण विहिरीचं काय? शिरूरच्या चासकमान लाभक्षेत्रातला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्याची पुण्याच्या मैल्याशी कधी गाठच पडलेली नसते. नदीपासून दूर, चढावरच्या विहिरीत नायट्रेट सापडलं, तर ते कोणत्या गटाराने आणलं? खडकाने म्हणावं, तर फ्लोराइडसारखं नायट्रेट काही काळ्या पाषाणातून येत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात राज्यातल्या 35 टक्क्यांहून अधिक नमुन्यांत ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे होतं. यात गोठे, उकिरडे आणि शौचखड्डे यांचाही वाटा आहे; सगळं पाप युरियाच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. पण त्याला निर्दोष सोडणं हाही अन्यायच.

दुसरा युक्तिवाद: खत महाग, ते वाया कोण घालवेल? डीएपीबाबत ठीक. युरियाची 45 किलोंची गोणी मात्र 266 रुपये 50 पैशांना मिळते. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातूनच द्यायचं म्हटलं, तर एकरी साडेसात-आठ गोण्या होतात. ही झाली शिफारस; वरची एखादी गोणी ‘ऊस पिवळा दिसतोय’ म्हणून पडते, ती वेगळीच. हे सारं ऊस खातो, असं समजायला आधार काय?

तिसरा युक्तिवाद सर्वांत लाडका: आपली जमीन भारी, चिकण, खत खाली जातच नाही. स्फुरदाबाबत हे बरंचसं खरं आहे, कारण चुनखडीच्या मातीत ते जखडून राहतं. नायट्रेटचा स्वभाव उलटा. युरियाचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्यावर ऋण भार, चिकणमातीवरही ऋण भार. माती त्याला धरत नाही. जिथे पाणी, तिथे ते. आणि पाणी खाली जातं याची साक्ष मी कशाला काढू? पाटाला आवर्तन सुटलं की विहिरीला पाझर वाढतो, हे इथला प्रत्येक शेतकरी सांगतो. पाणी मुरुमातून, खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरतं आणि त्यात विरघळलेलं नत्र तेवढं वरच थांबतं? हे न्यायाला धरून नाही.

‘आम्ही उकळून पितो’ हेही ऐकू येतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते दाटच होतं. मळ्यातल्या वस्तीवर, विहिरीच्याच पाण्यात बाळाचं दूध कालवणाऱ्या घराला हा फरक जिवाचा आहे. तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नायट्रेटमुळे घटू शकते.

आता वाचकांनीच हिशेब करावा. लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी हेक्टरभर 10 सेंटिमीटर भरलं, तर त्याबरोबर साडेबावीस किलो नत्र रानात जातं. म्हणजे गोणीभर युरिया एका पाळीत, फुकट. माती तपासायला पाठवताना विहिरीच्या पाण्याची बाटली सोबत द्यायला मग हरकत कोणाची आहे?